पाडाला लागलेलं फळ झाडावर ठेवू नये

रेडलँड्सला घर घेतलंस, परसात दोन संत्री, एक पेरू, कुंपणाला टेकलेलं लोकाट आणि वाफ्यात टोमॅटो आहेत, हे फोनवर किती हरखून सांगत होतीस! फळझाडांसकट घर मिळणं हे भाग्यच. पण दक्षिण कॅलिफोर्नियात फळझाड पदरात पडलं की त्याची राखणही पदरात पडते, आणि घर दाखवणारा एजंट ती सांगत नाही. म्हणून मावशी सांगते. तुझं आजोळ देवगडचं. फळमाशी मी तिथंही पाहिली आणि इथं इतकी वर्षं राहून इथंही पाहते आहे.

आधी तुझ्या नव्या गावात काय घडलं ते ऐक. २०२४ च्या सुरुवातीला रेडलँड्सच्या एका मोठ्या भागातल्या दोन हजारांहून जास्त घरांच्या परसातली फळं राज्याच्या कृषी खात्याच्या माणसांनी उतरवून नेली. झाडं ठेवली, फळं ठेवली नाहीत. कारण होतं ओरिएंटल फळमाशी, शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. कोकणात हापूसच्या शेवटच्या तोड्यात, पावसाच्या तोंडावर आंबा कापला की आत जी पांढरी अळी वळवळते ना, ती हिचीच. तिकडे ती मूळची, पिढ्यान्‌पिढ्या तिच्यासकट आपण बागा राखत आलो. इकडे ती आगंतुक आहे. कॅलिफोर्नियात १९६० पासून ती पुनःपुन्हा सापडते आणि दर वेळी तिचा पाठलाग करून तिला हटवलं जातं.

मग फळं ऐन थंडीत का उतरवली? थंडीत माशी मंदावते. पण संत्री-लिंबं इथं हिवाळाभर झाडावर टांगलेली असतात, आणि अळीला तेवढा आसरा पुरतो. वसंतात ऊन वाढलं की तीच अळी माशी होऊन बाहेर पडणार. त्याआधी फळच नाहीसं केलं की साखळी तुटते. लोकांना वाईट वाटलं असणार, मलाही वाचून वाईट वाटलं. पण मला विचारशील तर तो निर्णय बरोबर होता.

त्याच्या आधीचं २०२३ साल कॅलिफोर्नियासाठी फार वाईट गेलं. सॅक्रामेंटोजवळ, बे एरियात, रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो काउंटीत ओरिएंटल माशी. लॉस एंजेलिसच्या लीमर्ट पार्क भागात भूमध्यसागरी माशी, जिला सगळे मेडफ्लाय म्हणतात. थाउजंड ओक्सला क्वीन्सलँडची माशी. आणि सँटा क्लॅरिटाजवळच्या स्टीव्हन्सन रँचला टाऊ माशी, जिच्यासाठी पश्चिम गोलार्धातलं पहिलं क्वारंटाइन, म्हणजे फळं बाहेर न्यायची बंदी, लागलं. ही टाऊ माशी दुधी, कारली, दोडका, काकडीच्या वेलांवर येते. आपल्यातल्या किती घरांच्या मांडवावर हेच वेल असतात ते तुला सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य या सगळ्यांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. पण थोड्याच दिवसांत, त्याच वर्षी, फ्रीमाँटच्या बाजूला पुन्हा मेडफ्लाय मिळाली. हे काम एकदाच करून हात झटकण्यासारखं नाही.

तज्ज्ञांमध्ये याच्यावर जुना वाद आहे. यूसी डेव्हिसचे कीटकशास्त्रज्ञ जेम्स केरी यांचं म्हणणं असं की या माश्या दर वेळी बाहेरून नव्यानं येत नाहीत. काही जाती इथं अगदी कमी संख्येनं, सापळ्यांना दिसणार नाहीत अशा बेतानं टिकून आहेत. सरकारी खात्याला हे मान्य नाही. त्यांच्या मते प्रत्येक उद्रेक नव्या फळाबरोबर आलेला असतो. मी दोन्ही बाजू वाचल्या. परसातल्या माणसाला या वादानं काही फरक पडत नाही. माशी बाहेरून आलेली असो की इथंच दबा धरून बसलेली, तिला वाढायला लागतं ते एकच, झाडावर राहिलेलं पिकलं फळ. आणि शहरात ते फळ शेतकऱ्याच्या हाती नसतं, तुझ्या-माझ्या हाती असतं.

आता ओळख. स्वयंपाकघरात केळ्यांवर घोंगावणारी चिलटं ही ती माशी नव्हे. चिलटं सडलेल्या फळावर येतात. ही चांगल्या, झाडावरच्या, रंग धरलेल्या फळात अंडी घालते. ओरिएंटल माशी घरमाशीपेक्षा किंचित मोठी, दिसायला थोडी गांधीलमाशीसारखी. छातीवर पिवळे पट्टे, पंख पारदर्शक, पोटावर काळा इंग्रजी टी. मेडफ्लाय तिच्याहून लहान, तिच्या पंखांवर पिवळसर-तपकिरी पट्टे. माशी नजरेस पडेल या आशेवर मात्र राहू नकोस. क्वचितच दिसते. दिसतं ते फळ. सालीवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, भोवती मऊ पडलेला डाग, वेळेआधी पिवळा पडून गळालेला पेरू. असं फळ मिळालं तर टाकण्याआधी परसातच कापून बघ. आत पाय नसलेल्या, दुधी रंगाच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या लांब अळ्या असतील आणि बशीत ठेवल्यावर अंग मुडपून टुणकन उडी मारत असतील, तर फोन उचलायचा. चेरीत बारीक पांढरे किडे दिसले तर बहुधा ती ठिपकेदार पंखांची ड्रोसोफिला असते. ती २००८ पासून इथं मुक्कामीच आहे, तिच्यासाठी क्वारंटाइन लागत नाही. फरक तुला कळला नाही तरी बिघडत नाही. तो तपासणाऱ्यांना कळतो.

तिचं आयुष्य समजून घेतलंस तर पुढचं सगळं आपोआप सुचेल. मादी सालीखाली अंडी घालते, एक मादी जन्मभरात हजाराहूनही जास्त. दोनेक दिवसांत अळी. आठ-दहा दिवस ती गर खाते, मग फळातून बाहेर पडून जमिनीत इंच-दोन इंच खोल शिरते आणि कोष करते. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांत कोषातून माशी. म्हणजे फळ, जमीन, हवा अशा तीन जागा. हवेतल्या माशीला गाठायला सरकारी सापळे आणि विष घातलेलं आमिष. जमिनीतल्या कोषापर्यंत हात पोचणं कठीण. फळातली अळी मात्र पूर्णपणे तुझ्या ताब्यात, कारण ती पळू शकत नाही.

सापळ्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्यांच्याबद्दल गैरसमज फार. तुझ्या संत्र्याच्या फांदीला कुणीतरी पुठ्ठ्याची तिकोनी, दोन्ही बाजूंनी उघडी घडी लटकवून गेलेलं दिसेल. तो जॅक्सन सापळा. आत चिकट कागद आणि वासाची वात. कुठं घंटेच्या आकाराचं, खालून भोक असलेलं प्लास्टिकचं भांडं असतं, त्यात प्रथिनांचं द्रावण. तो मॅकफेल सापळा. वातीचे वास वेगवेगळे. मेडफ्लायसाठी ट्रायमेडल्युअर, वेलवर्गीय फळांच्या माशीसाठी क्यूल्युअर, आणि आपल्या ओरिएंटल माशीसाठी मिथिल युजेनॉल. या शेवटच्या वासाची गोष्ट हिंदुस्थानातली आहे. बिहारमधल्या पुसा इथं काम करणारे हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर ओढले जातात हे त्यांनी १९१२ मध्ये नोंदवलं, आणि त्यातूनच पुढे मिथिल युजेनॉल हाती आलं. आपल्या तुळशीतही ते असतं. म्हणून वृंदावन काढून टाकशील, तसं काही करू नकोस. माशी अंडी घालते ती फळात, तुळशीत नव्हे. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा याच वासावर चालतो, आणि देवगड-रत्नागिरीच्या बागांत तो सर्रास दिसतो.

पण नीट लक्षात घे. या वासाला फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून झाडाला एक सापळा बांधला की फळ वाचलं, असं समजणाऱ्यांची फळं किडतात. बागायतदार एकरी अनेक सापळे लावतो, शेजारचाही लावतो, पुढचाही लावतो. नर इतके कमी होतात की माद्यांना जोडीदार मिळत नाही, तेव्हा कुठं परिणाम दिसतो. एकट्या घराचा सापळा फक्त खबर देतो. इथं तर ऑनलाइन मिळणारी मिथिल युजेनॉलची वात आणून लावूच नको. सरकारी सापळे ठरावीक अंतरावर, नकाशावर मांडून लावलेले असतात, आणि कुठल्या सापळ्यात किती माश्या आल्या यावरून उद्रेकाचा मध्यबिंदू काढतात. मध्येच तुझी वात आली तर ते गणित बिघडतं.

सरकारी सापळा तुझ्या झाडाला असेल तर त्याला हात लावू नको, जागा बदलू नको, त्याच्यावर पाणी किंवा औषध फवारू नको. तपासणारे आठवड्या-दोन आठवड्यांनी येतात, त्यांना फाटक उघडून दे. कुत्रा बांधून ठेव. ते सापळा संत्र्यावरून पेरूवर हलवतील, कारण ज्या झाडाला त्या दिवसांत पिकतं फळ आहे तिथंच माशी येते. तुझ्या पेरूचा बहार कधी, लोकाट कधी पिकतं, हे त्यांना सांग. झाडं रोज बघणाऱ्याची ही माहिती त्यांच्या फार उपयोगी पडते.

लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात मेडफ्लायसाठी आणखी एक उपाय चालतो, आणि तो मला फार सुंदर वाटतो. लॉस अलामिटोसच्या केंद्रातून निर्बीज केलेले नर विमानानं शहरावर सोडतात. १९९६ पासून हे सतत चालू आहे. कोष हवाई आणि ग्वाटेमालातून येतात, त्यांच्यावर किरणांचा मारा केलेला असतो. रानातली मादी अशा नराशी जुळली की तिची अंडी फुकट जातात. त्यांना चमकणारा रंग लावलेला असतो, म्हणजे सापळ्यात सापडलेली माशी सोडलेली की रानटी हे लगेच कळावं. त्या भागातल्या मैत्रिणीनं मेडफ्लाय पाहिल्याचं सांगितलं तर घाबरू नको, ती पाहुणी सरकारी असण्याचीच शक्यता जास्त. तरी कळवायला मात्र सांग.

आता मुख्य काम. फळ पाडाला लागलं की उतरव. झाडावर पूर्ण पिकू देण्याचा मोह पेरूच्या बाबतीत फार होतो, मला माहीत आहे. पण अर्धवट पिवळा झालेला पेरू घरात दोन दिवसांत छान पिकतो, आणि माशीला हवा तो मऊपणा यायच्या आत तो तुझ्या टोपलीत असतो. बहाराच्या दिवसांत रोज एक फेरी मार. शक्य नसेल तर एक दिवसाआड. खाली पडलेलं एकही फळ रात्रभर राहू देऊ नको, कारण गळलेल्या फळातूनच अळी जमिनीत उतरते. फांदीवर वाळून राहिलेली, पक्ष्यांनी अर्धी खाल्लेली फळंही काढ. हंगाम संपला म्हणून वर टोकाला राहिलेली चार संत्री सोडून द्यायची सवय इथल्या लोकांना आहे. ती चार संत्रीच माशीचा हिवाळा काढून देतात.

आणि ही फळं टाकायची कुठं? इथंच बहुतेकजण चुकतात, तेही चांगल्या हेतूनं. किडकं फळ कंपोस्टमध्ये घालायचं नाही. हिरव्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. तो कचरा गावाबाहेरच्या खतकेंद्रात जातो, म्हणजे आपणच माशीला गाडीत बसवून पाठवलं. एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मार, ती दुसऱ्या पिशवीत घालून पुन्हा गाठ मार, आणि साध्या कचऱ्याच्या डब्यात टाक. कोकणात आपण खोल खड्डा करून पुरतो किंवा काळ्या पिशवीत घालून उन्हात तापवतो. तिकडच्या आवारात ते ठीक. इथं क्वारंटाइन असेल तर दुहेरी पिशवी हाच मार्ग.

झाड आटोपशीर ठेव. शहरातल्या झाडाला उंची नको. दर वर्षी छाटून सात-आठ फुटांवर आण, म्हणजे प्रत्येक फळापर्यंत तुझा हात पोचेल, शिडी लागणार नाही. फळं फार धरली तर लहान असतानाच काही खुड. उरलेली मोठी होतात, आणि राखायला कमी राहतात. पेरू सुपारीएवढा झाला की कागदी किंवा कापडी पिशवी बांधता येते, आंब्याला आपल्याकडे बांधतात तशीच. माशी पिशवीतून अंडी घालू शकत नाही. पण ते फळ क्वारंटाइनच्या नियमातून सुटत नाही, एवढं ध्यानात ठेव. आणि खरंच वेळ नसेल, नोकरी आणि मुलं सांभाळून होत नसेल, तर चार झाडांपैकी दोन काढून तिथं बोगनवेल किंवा जास्वंद लाव. न राखलेल्या चार झाडांपेक्षा राखलेली दोन बरी. यात कमीपणा काही नाही.

क्वारंटाइन म्हणजे काय ते एकदा सांगून ठेवते. एखादी अळी किंवा मिलन झालेली मादी सापडली, किंवा जवळजवळच्या अंतरात त्या जातीसाठी ठरलेल्या संख्येएवढ्या माश्या सापडल्या, की त्याभोवती साधारण साडेचार मैलांचा पट्टा आखला जातो. त्या पट्ट्यातल्या घरांतली फळं घराच्या आवाराबाहेर न्यायची नाहीत. खायला बंदी नाही. धुऊन खा, कापून खा, तिथंच रस काढ, शिजव, गोठव. पेरूची जेली कर, संत्र्याचा मार्मालेड कर, उकडलेल्या लिंबांचं लोणचं घाल. बंदी आहे ती कच्चं फळ हिंडवायला. शेवटच्या माशीनंतर तिच्या तीन पिढ्यांएवढा काळ कोरडा गेला की पट्टा उठतो. थंडीत पिढी लांबते, म्हणून पट्टाही लांबतो.

आता आपल्या माणसांसाठी. आपल्या संस्कृतीत फळ म्हणजे देणं. गणपतीला घरच्या झाडाचा पेरू, सत्यनारायणाला पाच फळं, ओटीत संत्रं, पॉटलकला कोशिंबीर, निरोपाला पिशवीभर लिंबं. रिकाम्या हातानं कुणाला पाठवायचं नाही हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवलं आणि मला ते सोडायचं नाही. पण क्वारंटाइनच्या पट्ट्यात असशील तेव्हा घरच्या फळाऐवजी घरच्या जेलीची बाटली दे. मंडळाच्या गणपतीत प्रसादाची फळं दुकानातली आण. कुणी हट्टानं दिलं तरी आपल्या झाडाचं फळ गाडीत ठेवून सॅन होजेला बहिणीकडे नेऊ नको. ही माशी आजूबाजूला खायला असलं की स्वतःहून फार दूर जात नाही. तिला लांब नेते ती आपली डिकी आणि आपली सामानाची बॅग.

त्याच कारणानं देवगडहून येताना आंबा आणायचा नाही. एकही नाही. आजी म्हणेल, नातवासाठी दोनच, कपड्यात गुंडाळून. तिला समजाव. अमेरिकेनं भारतीय आंब्यावरची अनेक वर्षांची बंदी २००७ मध्ये उठवली, ती आंब्याला किरणोत्सर्गाची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. वाशी, लासलगाव अशा ठिकाणच्या केंद्रांत पेटीला किमान ४०० ग्रे एवढी मात्रा देतात. आत अळी असलीच तर तिची पुढे माशी होत नाही. मेक्सिकोचा आंबा सुमारे ४६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून येतो, तेही याचसाठी. दुकानात मिळणारी महागडी हापूसची पेटी ही राखण करून आलेली असते. बॅगेतला आंबा तशी राखण न होता येतो. विमानतळावर कुणी पकडलं नाही म्हणजे चाललं, असा विचार तू करणार नाहीस याची मला खात्री आहे.

जाता जाता कढीपत्त्याचंही सांगते, कारण तो तुझ्या कुंडीत असणारच. फळमाशीचा त्याच्याशी संबंध नाही. पण लिंबूवर्गीय झाडं मारणाऱ्या रोगाचे जंतू पसरवणारी सिला नावाची तुडतुड्यासारखी कीड कढीपत्त्यावर वाढते. म्हणून कढीपत्त्याचं रोप किंवा ओल्या डहाळ्या एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ नको. रिव्हरसाइडला मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर १८७३ मध्ये आलेलं मूळ नेव्हल संत्र्याचं झाड आहे, त्याला आता जाळीच्या तंबूत ठेवलंय, ते याच किडीच्या भीतीनं. तुझ्या घरापासून जवळच आहे. मुलांना घेऊन बघून ये.

फवारणीची भीती तुझ्या बोलण्यात जाणवली. ती जुन्या दिवसांतून आलेली आहे. १९८१ मध्ये सँटा क्लॅरा खोऱ्यात मेडफ्लाय हटवण्यासाठी रात्री हेलिकॉप्टरनं घरांवर मॅलॅथिऑन फवारलं. गव्हर्नर जेरी ब्राउन आधी तयार नव्हते, पण सगळ्या राज्याच्या फळांवर बंदी येण्याची वेळ आल्यावर त्यांना परवानगी द्यावी लागली. लोक खूप संतापले, आणि त्यांचा संताप मला आजही रास्त वाटतो. आता ते तसं राहिलेलं नाही. ओरिएंटल माशीसाठी रस्त्याकडेच्या झाडांवर आणि खांबांवर आठ-दहा फूट उंचीवर मिथिल युजेनॉलचा छोटा ठिपका मारतात, त्यात अगदी थोडं स्पिनोसॅड. नर तो चाटतो आणि मरतो. स्पिनोसॅड मातीतल्या एका जिवाणूपासून मिळतं आणि सेंद्रिय शेतीतही चालतं. मादी किंवा अळी जिथं सापडली त्याच्या अगदी जवळच्या घरांत झाडावर स्पिनोसॅडची फवारणी होते, आधी नोटीस देऊन. तशी नोटीस आली तर वाच, प्रश्न विचार, त्या दिवशी मुलांची खेळणी आत घे, आणि त्यांना काम करू दे. स्वतः दुकानातून औषध आणून मारत बसू नको. फळाच्या आतल्या अळीपर्यंत ते पोचत नाही, आणि मधमाश्या मात्र मरतात.

एवढं सगळं कशासाठी, असं तुझा नवरा विचारेल. त्याला रस्त्याकडेची ऑलिव्हची झाडं दाखव. १९९८ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिव्हची फळमाशी सापडली. शहरभर ऑलिव्ह शोभेसाठी लावलेलं, फळ कुणी तोडत नाही, सगळं फुटपाथवर गळून काळं होतं. माशीला याहून मोठं कोठार कुठं मिळणार? बघता बघता ती राज्यभर गेली. आता तिला हटवण्याची भाषा कुणी करत नाही. ऑलिव्ह पिकवणारा प्रत्येक शेतकरी दर हंगामी सापळे लावतो, आमिष फवारतो, आणि तिच्यासकट जगतो. ओरिएंटल माशी अजून त्या टप्प्यावर गेलेली नाही. आफ्रिकेत मात्र ती गेली. २००३ मध्ये केनियात सापडली, लोकांना नवीच जात वाटली म्हणून तिला आक्रमक अशा अर्थाचं नावही दिलं, आणि काही वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडच्या बऱ्याच देशांत आंब्याचं नुकसान करू लागली. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की ती आपलीच बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. तिथल्या लहान शेतकऱ्यांचे हाल बघितले की इथं वेळीच फळं उतरवणाऱ्या माणसांचे आभारच मानावेसे वाटतात.

शेजारच्या रिकाम्या घराच्या झाडाखाली फळांचा सडा पडलेला दिसला तर मालकाला शोधून काढ, नाही तर गल्लीतले चारजण मिळून त्याची परवानगी घ्या आणि तिथल्या तिथं पिशव्या भरा. तुझी झाडं स्वच्छ आणि कुंपणापलीकडे सडा, यानं काही साधत नाही. रेडलँड्सचे जुने लोक संत्र्याच्या बागांमध्ये वाढलेले आहेत, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

संशय आला तर राज्याच्या कीड-खबर क्रमांकावर फोन कर: १-८००-४९१-१८९९. फ्रिजवर लिहून ठेव. अळी सापडलेलं फळ घट्ट बंद पिशवीत घालून माणूस येईपर्यंत घरातच ठेव, घेऊन कुठं जाऊ नको. आणि येत्या शनिवारी सकाळी संत्र्याच्या टोकाची ती राहिलेली फळं उतरव. लांब दांड्याचा झेला माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा.